विश्लेषण : तापाची गोळी पोटात गेल्यावर काय होते?

पावसाळ्यात ताप आला, अंग दुखू लागले, की डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातली पॅरासिटामॉलची गोळी घेतली जाते. औषध सुरक्षित आहे, यात वाद नाही. पण ते एका मर्यादेपर्यंतच, आणि ती मर्यादा आपले यकृत ठरवते.

गोळी रक्तात कशी मिसळते?

गोळी जठरात विरघळली तरी तिचे शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते. म्हणून भरल्या पोटी घेतलेली गोळी थोडी उशिरा लागू पडते. आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते, मग शरीरभर. काही औषधांचा बराचसा भाग या पहिल्याच फेरीत संपतो. छातीत दुखू लागल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते हा टप्पा टाळण्यासाठी. पॅरासिटामॉलचा मोठा भाग मात्र त्यातून सुटतो.

यकृत नेमके काय करते?

पॅरासिटामॉलचे पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थांत रूपांतर करते. ते मूत्रपिंडांवाटे लघवीतून बाहेर पडतात. दोन-तीन तासांत रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. दोन गोळ्यांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवायला सांगतात ते यामुळेच. पण साधारण ५ ते १० टक्के औषधापासून एक विषारी पदार्थ तयार होतो. यकृतातले ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली की हा साठा आटतो आणि ते विष यकृताच्याच पेशी मारू लागते. कुपोषित, उपाशी किंवा नियमित मद्यपान करणाऱ्यांत हा साठा मुळातच कमी असतो.

मात्रा वाढते कशी?

निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम. आता हिशेब करा. तापासाठी ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या : २६००. सर्दीच्या, ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या तीन : १५००. अंगदुखीच्या, ३२५ मिलिग्रॅमच्या दोन : ६५०. बेरीज ४७५०. रुग्णाच्या लेखी त्याने तीन वेगळी औषधे घेतली. यकृताच्या लेखी एकच.

फसवी गोष्ट अशी, की जादा मात्रेनंतर पहिल्या दिवशी मळमळ, उलटी यापलीकडे फारसे काही जाणवत नाही, कधी तेवढेही नाही. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी दिसते. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा एकदम घेतलेल्या जादा मात्रेनंतर पहिल्या आठ तासांत सर्वाधिक गुणकारी ठरतो. त्यामुळे मात्रा जास्त झाल्याचे लक्षात येताच, त्रास होत नसला तरी, रुग्णालय गाठायला हवे.

हे टाळण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकणे सोयीचे आहे, न्याय्य नाही. औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे, असा नियम २०१८ पासून लागू आहे. पण तीन किंवा अधिक औषधे एकत्र असलेल्या गोळ्यांना त्यातून सूट आहे. सर्दीच्या बहुतेक गोळ्या नेमक्या याच गटातल्या! निवडक ३०० ब्रँडवर २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झाला, पण तापाने फणफणलेला माणूस तो स्कॅन करत बसेल, ही अपेक्षाच हास्यास्पद. ही सूट काढावी आणि पाकिटावर ठळक मराठीत तीन शब्द छापावेत : ‘यात पॅरासिटामॉल आहे’. तोपर्यंत, दुसरी गोळी देण्याआधी ‘आधी कोणती घेतली?’ एवढे तरी औषध दुकानदाराने विचारावे.