गॅरेजच्या दारात अडलेला ग्राहक

मोटारीचा अपघात रस्त्यावर क्षणार्धात घडून जातो. त्याचा दुसरा अंक गॅरेजात सुरू होतो आणि तो कित्येक महिने रेंगाळतो. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत एके काळी मोटार डॉक्टर, वकील किंवा बागायतदार यांच्याच दारात उभी दिसे. आज ती बँकेचे कर्ज घेऊन शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या दारातही आली आहे. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड यांना जोडणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर एखादी गाडी ट्रकला घासली, तर प्राण वाचल्याचे समाधान काही तासच टिकते. त्यानंतर गाडीमालकाची गाठ एका अशा व्यवहाराशी पडते, की ज्याचे नियम त्याला कोणी कधी सांगितलेलेच नसतात.

इतर खरेदीत ग्राहक चार दुकाने पाहतो, भाव विचारतो, नापसंत असेल तर उठून जातो. अपघातग्रस्त गाडीच्या मालकाला हे स्वातंत्र्य नसते. गाडी टोचन करून जेथे आणली तेथेच ती खोलली जाते. आणि एकदा दरवाजे, बंपर, रेडिएटर सुटे झाले म्हणजे ती दुसरीकडे हलविणे जवळजवळ अशक्य होते. कंपनीची अधिकृत सेवा केंद्रे प्रायः जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. किनवटसारखे गाव नांदेडपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. काम कोठवर आले हे पाहण्यासाठीच रजेचा एक दिवस खर्ची पडतो. ‘पार्ट यायचा आहे’ या उत्तराची शहानिशा तेथल्या माणसाने करावी तरी कशी?

यापेक्षाही मोठी गुंतागुंत वेगळीच आहे. येथे काम करवून घेणारा एक आणि बिलाचा मोठा हिस्सा भरणारा दुसरा असतो. गॅरेजचे अंदाजपत्रक विमा कंपनीसाठी तयार होते, त्याची छाननी तिचा सर्व्हेअर करतो, आणि मालक या दोघांच्या बोलण्याचा केवळ श्रोता उरतो. विम्याच्या प्रचलित पद्धतीनुसार रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयाबरोबर वाढत जाऊन पाच ते दहा वर्षांच्या गाडीस चाळीस टक्क्यांवर पोचतो. शून्य घसाऱ्याची जादा तरतूद पॉलिसीत घेतली नसेल, तर ही रक्कम मालकाच्या खिशातून जाते. ‘कॅशलेस’ या शब्दावर विसंबलेल्या माणसाला हे कळते ते गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी. मग वस्तुतः पॉलिसीतून निर्माण झालेला तंटा गॅरेजच्या काउंटरवर पेटतो, आणि कामातील खरी त्रुटी त्या गोंधळात झाकली जाते.

हे दोन तंटे वेगळे ओळखणे ही न्याय मिळविण्याची पहिली पायरी होय. दाव्यातील कपात अयोग्य वाटत असेल, तर आधी विमा कंपनीकडे आणि तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. दुरुस्तीच सदोष असेल, न बदललेल्या भागाचे पैसे लावले असतील, किंवा विनाकारण विलंब झाला असेल, तर ती सेवेतील त्रुटी ठरते व तिची दाद जिल्हा ग्राहक आयोगात मागता येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा त्याने दिली. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची आहे. स्वतः जीप चालवून पोट भरणारा चालकही या कायद्याने ग्राहकच ठरतो.

गॅरेजवाल्याच्या बाजूनेही कायदा आहे, हे विसरून चालणार नाही. १८७२ च्या करार कायद्याचे १७० वे कलम, ज्याने वस्तूवर श्रम व कौशल्य खर्च केले त्याला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क देते. मात्र त्याच कायद्याचे १५१ वे कलम ताब्यातील वस्तू सुज्ञ माणसाप्रमाणे सांभाळण्याचे बंधन घालते. म्हणून रागाच्या भरात बिल न भरता निघून जाणे हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. बिलावर लेखी हरकत नोंदवून रक्कम भरावी, गाडी सोडवावी आणि नंतर दाद मागावी, हेच पुष्कळदा श्रेयस्कर ठरते.

एवढे हक्क असूनही ग्राहक हरतो तो पुराव्याअभावी. आपल्याकडे गॅरेजचा व्यवहार शब्दावर चालतो. मिस्त्री ओळखीचा असतो. त्याच्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे मालकालाच वाटते. पण आयोगापुढे ओळख उपयोगी पडत नाही. तेथे कागद बोलतो. गाडी सोपविताना तिची छायाचित्रे, वाचन नोंदविलेले जॉब कार्ड, भागवार अंदाजपत्रक, वाढीव कामास लेखी संमती, काढलेले जुने भाग पाहण्याचा आग्रह आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी सर्व्हेअरकडून फेरतपासणी, इतके केले तरी निम्मा तंटा उद्भवणारच नाही.

तथापि सारा दोष कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अपिलात काहींचा दंड पुढे कमी झाला. परंतु आयोगाने ज्या दुखण्यावर बोट ठेवले ते खरे होते. बाजारात भागच मिळत नसतील, तर मिस्त्री नकली भाग बसवितो आणि अधिकृत केंद्र हवा तो भाव लावते. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले व त्यात वाहनांचाही समावेश केला. माहिती देणे चांगलेच. पण माहितीने सुटा भाग उदगीरच्या गॅरेजात पोचत नाही.

ग्राहक आयोगांची स्थितीही समाधानकारक राहिलेली नाही. त्यांतील रिक्त पदांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून घ्यावी लागली. ज्या तंट्यात तांत्रिक तपासणीची गरज नाही तो तीन महिन्यांत निकाली निघावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तपासणी लागली तर मुदत पाच महिन्यांची. ही मुदत पाळायची, तर अध्यक्ष व सदस्य वेळेवर नेमले पाहिजेत. नांदेड व लातूर येथील शासकीय तंत्रशिक्षण संस्थांतील अध्यापकांना तपासणीसाठी पाचारण करण्याची सोयही शासनाने लावून द्यावी. दुरुस्ती नीट झाली की नाही, हे सांगू शकणारा निःपक्षपाती जाणकार सामान्य माणसाला आज सहजी सापडत नाही. खरा अडसर तेथे आहे.

पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली गेली, तेव्हा प्रश्न तेला-साखरेचा होता. आता तो गॅरेजपर्यंत आला आहे. अंदाजपत्रक मराठीत, भागवार आणि सहीनिशी देणे बंधनकारक झाले, तर प्रामाणिक गॅरेजवाल्याचे काहीच बिघडणार नाही. ज्याचे बिघडेल, त्याच्यासाठीच तो नियम हवा आहे.