अग्निबाणाचे इंधन आणि विहिरीचे पाणी

अमोनियम परक्लोरेट हा दिसावयास साध्या मिठासारखा पांढरा क्षार. जळू पाहणारा अमोनियम आणि जाळण्यास प्राणवायू पुरविणारा परक्लोरेट हे दोन्ही एकाच स्फटिकात नांदत असल्याने अग्निबाणाच्या घन इंधनात त्याचे स्थान अढळ राहिले. अमेरिकेच्या स्पेस शटलला जोडलेल्या दोन अग्निबाणांच्या इंधनात सुमारे ७० टक्के वाटा याच क्षाराचा होता.

जानेवारी १९८६ मध्ये 'चॅलेंजर' नष्ट झाले व उड्डाणे थांबली. क्षाराचे उत्पादन मात्र थांबले नाही. नेवाडातील हेंडरसन येथील पेपकॉन कारखान्यात माल साचत गेला आणि ४ मे १९८८ रोजी लागलेल्या आगीत त्या साठ्याचे प्रचंड स्फोट झाले. दोघे दगावले, तीनशेहून अधिक जखमी झाले.

स्फोटाची हानी निदान डोळ्यांना दिसते. पाण्यातून होणारी हानी दिसत नाही. परक्लोरेट पाण्यात सहज विरघळतो, मातीला चिकटत नाही आणि शरीरात गेल्यावर कंठग्रंथीकडे जाणारे आयोडीन अडवितो. गर्भ व अर्भक यांना त्याचा धोका अधिक. सूक्ष्म मोजणीची पद्धत हाती आल्यावर १९९७ मध्ये तो कोलोरॅडो नदीत आढळला. हेंडरसनमधीलच केर-मॅगीच्या आवारातून झिरपलेला क्षार मीड सरोवरामार्गे नदीत उतरत होता. या नदीचे पाणी कोट्यवधी लोक पितात. क्षाराचा भाव ठरविताना त्यांना कोणी विचारले नव्हते. वाटाघाटीच्या मेजावर त्यांची खुर्चीच नव्हती.

पुढची कथा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे. केर-मॅगीने किफायतशीर तेलधंदा एकीकडे काढून घेतला आणि जुन्या प्रदूषणाची देणी ट्रोनॉक्स या वेगळ्या कंपनीच्या गळ्यात बांधली. ती २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. अखेर २०१४ मध्ये ५.१५ अब्ज डॉलरची तडजोड झाली. त्यातील सुमारे १.१ अब्ज हेंडरसनच्या शुद्धीकरणासाठी. म्हणजे बिल आले, परंतु माल वापरून झाल्यावर कित्येक वर्षांनी, तेही न्यायालयाच्या दारातून.

क्लोरीनविरहित अमोनियम डायनायट्रामाइड हा पर्याय सोव्हिएत रसायनज्ञांनी १९७१ मध्येच तयार केला होता. स्वीडनच्या प्रिझ्मा उपग्रहावर २०१० मध्ये त्यावर आधारलेले द्रव इंधन वापरले गेले. तो महाग आहे आणि हवेतील ओलावाही शोषतो, असे आक्षेप घेतले जातात. ओलाव्याचा आक्षेप खरा आहे. महागाईचा आक्षेप मात्र जुन्या क्षाराच्या किमतीत नदीचा खर्च न धरल्यामुळेच इतका वजनदार भासतो.

पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन असते. त्यासाठी लागणारा क्षार बनविणारा इस्रोचा कारखाना केरळात आलुवा येथे असून परिसरातील भूजलात परक्लोरेट आढळल्याची नोंद संशोधकांनी केलेली आहे. आपली उड्डाणे स्वस्त असल्याचा सार्थ अभिमान बाळगताना तेथील विहिरींची नियमित तपासणी व पर्यायी पाणीपुरवठा यांचा खर्च क्षाराच्या उत्पादनखर्चातच धरावयास हवा, ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात नव्हे.