परीक्षकांनी एक वायर काढावी

मढच्या शूटिंगच्या बंगल्यांत मी बरीच वर्षं लाइटचं काम केलं. सीनला धुकं हवं असलं की लोबान पेटवायचा, नाहीतर धुराचं मशीन लावायचं. दिवसभर डोळे चुरचुरायचे. त्यामुळे गेल्या गणपतीत नववीतली भाची म्हणाली, "मामा, मखरात धुकं सोडू या, पण धूर नको," तेव्हा मी तिला थेट लॅमिंग्टन रोडला नेलं. पाण्याचं धुकं करणारं तयार यंत्र मिळत होतं, ते मी मुद्दाम घेऊ दिलं नाही.

सामान मोजकंच: ५५५ ही आठ पायांची आयसी, एक मॉसफेट, कॉइल, प्रीसेट आणि रुपयाच्या नाण्याएवढी चकती, जिच्या मधोमध बारीक छिद्रांची स्टीलची जाळी असते. स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. इथं त्याच्या उलट होतं. वीज दिली की चकती थरथरते, सेकंदाला सुमारे १ लाख १३ हजार वेळा. आपल्या कानाला २० हजारांपुढचं ऐकू येत नाही, म्हणून सगळं निःशब्द.

जोडणी झाली, मोबाइलचा चार्जर लावला, काहीच नाही. थरथरण्याचा वेग ठरवणारा प्रीसेट भाची स्क्रू ड्रायव्हरने केसाएवढा फिरवत राहिली. एकदम जाळीतून पांढरा धागा वर आला. जरा पुढे फिरवलं, गेला. मागे आणलं, आला. "मामा, हिला एकच सूर चालतो!" अनुनाद हा शब्द पुस्तकात तिने वाचलेला होता, कळला तो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मखराच्या आरशावर पांढरी भुकटी बसलेली. आमच्या बोअरिंगचं पाणी मचूळ. ती विचारात पडली: मिठागरात पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं, मग इथं मीठ वर कसं चढलं? संध्याकाळी तिनेच उत्तर आणलं. इथं पाण्याची वाफ होतच नाही, त्याचे फक्त बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंबात मीठ असतं. म्हणजे पाण्यात घाण असेल तर तीही श्वासात जाणार. तेव्हापासून आम्ही डिस्टिल्ड पाणीच वापरलं आणि भांडं रोज धुतलं. मंडळांनीही एवढं करावंच, तिथं लहान मुलं तासन् तास बसलेली असतात.

पुढे तिने हेच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलं. नेमकं परीक्षकांसमोर एक डाग सुटला आणि धुकं थांबलं. तिने दहा मिनिटांत वायर पुन्हा डागली, पण तोवर परीक्षक पुढच्या टेबलावर गेले होते. तिथं विकत आणलेलं मॉडेल झकास चाललं होतं आणि बक्षीस त्यालाच मिळालं. भाची त्या रात्री जेवली नाही. मला आजही त्याचा राग येतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेने प्रदर्शनात एक सोल्डरिंग आयर्न ठेवावं. परीक्षकांनी प्रत्येक मांडणीतली एक वायर स्वतः काढावी, मुलाला पंधरा मिनिटं द्यावीत, आणि निम्मे गुण त्याच पंधरा मिनिटांचे धरावेत.