किळस कोणाची, ताट कोणाचे?

कीटक खाण्याचा विषय पंगतीत काढला की समोरच्याचा घास तोंडाशीच थांबतो. वास्तविक आम्ही इंदूरकर खवय्ये. मध्यरात्री सराफ्यात उभे राहून भुट्ट्याचा कीस आणि गराडू आवडीने खाणारे. पण मुंग्यांच्या चटणीचे नाव निघताच हीच मंडळी नाक मुरडतात. ही किळस खरी आहे, आणि तिची थट्टा करावी असे मला वाटत नाही. मी स्वतः शाकाहारी आहे. ती चटणी चाखण्याचा माझा मुळीच विचार नाही.

तथापि किळस जन्मजात नसते, हे बालरोगतज्ज्ञाला निराळे सांगावे लागत नाही. दहा महिन्यांचे रांगते मूल जमिनीवरची मुंगी उचलून निर्विकारपणे तोंडात घालते. ‘छी छी’ त्याला आई शिकवते. एकदा शिकलेली ही भावना पुढे तर्काला जुमानत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन व सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढले. धोका नाही हे ठाऊक असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. ऑटोक्लेव्हवर ज्यांची सारी श्रद्धा, अशा आपल्यापैकी किती जण तो पेला उचलतील?

डोळ्यांना दिसत नाही ते मात्र आपण खुशाल गिळतो. लाखेच्या किड्याच्या स्रावापासून केलेले शेलॅक औषधी गोळ्यांना आणि चॉकलेटला चकाकी देते. मधाचे तर बोलायलाच नको!

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार सुमारे दोन अब्ज लोकांच्या पारंपरिक आहारात कीटक आहेत. युरोपीय संघाने २०२१ साली पिवळ्या मीलवर्मच्या वाळवलेल्या अळ्यांना अन्न म्हणून मान्यता दिली. तेथील ग्राहकाचा कल असा, की अख्खा कीटक नको, पण पीठ करून बिस्किटात दडवला तर चालेल. आपल्याकडे बस्तरमध्ये असे काही दडवावे लागत नाही. झाडांवरच्या पानांच्या घरट्यांतील लाल मुंग्या व त्यांची अंडी मीठ-मिरची घालून वाटतात, तो चापडा. त्याचा आंबटपणा फॉर्मिक आम्लाचा. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच काई चटणीला २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला.

यावरून कीटक हा कुपोषणावरचा रामबाण उपाय ठरत नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात सहा ते अठरा महिन्यांच्या बालकांना सुरवंटाचे पीठ घातलेले पूरक अन्न देऊन पाहिले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत खुरटलेपण घटले नाही. रक्तक्षय मात्र कमी आढळला. प्रथिनांचे आकडेही जपून वाचावेत. कायटिनमध्ये नायट्रोजन असल्याने नेहमीच्या ६.२५ या गुणकाने प्रथिने वाजवीपेक्षा अधिक दिसतात. शिवाय ट्रोपोमायोसिनमुळे कोळंबीची अॅलर्जी असणाऱ्यास कीटकांचीही होऊ शकते.

हे सारे शास्त्र झाले. मला अधिक बोचते ते वेगळेच. मजुरीसाठी बस्तरहून आलेली एक आई मुलाचा आहार सांगताना भात, पेज, भाजी इथवर मोकळेपणाने बोलली आणि मग थांबली. पुन्हा पुन्हा विचारल्यावर खाली मान घालून, जणू गुन्हा कबूल करावा तशी, ‘चापडा’ म्हणाली. तिला ही लाज कोणी दिली? तिच्या गावाने खचितच नाही. आपल्या चेहऱ्यावरची आठी रुग्णाला औषधाच्या चिठ्ठीआधी वाचता येते.

आणि ही आठी दवाखान्यापुरती राहत नाही. मध्य प्रदेशातील आदिवासी जिल्ह्यांच्या अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव २०१५ साली तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी फेटाळला. ज्या घरांत अंडे वर्ज्य नाही, त्या घरांतल्या मुलांच्या ताटाचा निर्णय अंडे वर्ज्य मानणाऱ्यांच्या भावनेवर झाला. मी अंडे खात नाही; पण माझा हा नेम माझ्या ताटापुरता. सक्ती कोणावर नको, हे मान्य. मग मनाईची सक्ती तरी का असावी?

आपल्या आहार-नोंदीच्या छापील तक्त्यात बहुधा शाकाहारी आणि मांसाहारी असे दोनच चौकोन असतात. त्याखाली एक ओळ कोरी ठेवावी. आई जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, मान वर न करता लिहून घ्यावे. आणि मुलाला कोळंबी किंवा खेकडा खाऊन कधी पित्त उठले होते का, हेही त्याच वेळी विचारावे.