राजर्षींचे स्मरण आणि सेवा क्लबांचे कार्य

प्रतिवर्षी २६ जून रोजी राजर्षी शाहू छत्रपतींची जयंती येते. त्याच सुमारास आमच्या बिदर-कलबुर्गी सीमाभागात तुरीच्या पेरणीची घाई असते आणि शाळाही नुकत्याच उघडलेल्या असतात. आम्हां व्यापाऱ्यांपैकी अनेकजण सेवा क्लबांचे सभासद आहेत. नेत्रतपासणी, रक्तदान, वृक्षारोपण ही कार्ये क्लब निष्ठेने करतात, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. १९०५ साली शिकागो येथे रोटरीचा पाया घालणाऱ्या चौघांत एक कोळशाचा व्यापारी होता. तेव्हा हे कार्य व्यापाऱ्यास परके नव्हे. परंतु थोर पुरुषाचे स्मरण हार, भाषण व फळवाटप एवढ्यानेच पुरे होते काय?

शाहू महाराज आमचे राजे नव्हते. आमचे वाडवडील सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. तथापि व्यापाऱ्याने विशेषत्वाने आठवावा असा हा राजा होता. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी पेठ वसविली व गुळाच्या व्यापारास हक्काची जागा दिली. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ पडताच स्वस्त धान्याची दुकाने उघडली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याची आज्ञा काढली. परंतु पुढील शिक्षणास शहरी येणाऱ्या खेड्यातील मुलास आधी निवारा व दोन वेळचे अन्न हवे, हे त्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. जैन बोर्डिंग त्यांतलेच.

त्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. आमच्या मते खरे स्मारक ते हेच.

म्हणून आमची सूचना अशी. पेढीवर धर्मादाय काढण्याची रीत आपणांस नवी नाही. प्रत्येक सभासदाने विकलेल्या पोत्यामागे अल्पशी रक्कम बाजूस काढावी. तीतून औराद, भालकी, आळंद या तालुक्यांतील खेड्यांतून शिकावयास येणाऱ्या गरजू मुलामुलींच्या भोजनाची वर्षभर तरतूद करावी. मुले निवडण्याचे व देखरेखीचे काम क्लबांनी करावे, धान्य-डाळ आपण पुरवावी, आणि हिशेब दरवर्षी या स्मरणिकेत छापावा. जात विचारू नये. मूल मराठी, कन्नड की उर्दू शाळेतले, हेही पाहू नये.

सरकारी वसतिगृहे असता आपण कशास, असे कोणी म्हणेल. पण यादीत ज्याचे नाव लागले नाही, त्या मुलाने शाळा सोडावी काय? आहारदान व ज्ञानदान ही दोन्ही आपल्या परंपरेत श्रेष्ठ मानली आहेत. ती दोन्ही एकाच ताटात वाढण्याची ही संधी आहे. येत्या जयंतीपूर्वी सभासद बंधू-भगिनींनी याचा निर्णय करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.