बिऱ्हाड बदलण्यापूर्वी

भाड्याच्या खोल्यांतून दिवस काढलेल्या माणसाला एक अनुभव असतो. ढेकणांना कंटाळून त्याने बिऱ्हाड बदलावे, नव्या जागेत निश्चिंतपणे पाठ टेकावी, आणि मध्यरात्री कडाडून चावा बसावा! ढेकूण भिंतीत नव्हतेच. ते खाटेच्या सांध्यांत होते व खाटेबरोबर हमालाच्या डोक्यावरून नव्या घरी आले होते.

यंदा नवरात्रात ती खाट मला पुन्हा आठवली. आमची कन्या लग्नसमारंभांच्या चित्रफिती जुळवून देण्याचे काम घरीच करते. तिचा संगणक ऐन कामात मान टाकू लागला. कधी पडदा निळा होई, तर कधी एकदम अंधार. दोन गिऱ्हाइकांचे काम दिवाळीपूर्वी द्यायचे होते आणि आगाऊ घेतलेले पैसे खर्चही झाले होते. ओळखीच्या एका जाणकाराने सांगून टाकले, "प्रोसेसरचे घराणेच बदला. सुखी व्हाल."

सल्ला अगदीच हवेतला नव्हता. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२ व २०२३ साली निघाले. त्यांतल्या वरच्या दर्जाच्या चिपांबद्दल पुढे बरीच ओरड झाली. चिपमधील मायक्रोकोड प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागतो, असे जुलै २०२४ मध्ये कंपनीनेच जाहीर केले. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढली. परंतु जी चिप आधीच झिजली, तिला ही मात्रा लागू पडत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते.

मग समोरच्या एएमडीच्या घरी जावे? तेथेही २०२३ साली रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाले, आणि त्यांच्या एका व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. तेव्हा पावसाळ्यात कोणते छप्पर गळेल, हे नुसत्या घराण्याच्या नावावरून सांगता येत नाही.

शिवाय स्थलांतराचा खर्च असतो. दोन्हीकडच्या चिपांची बैठक निराळी, म्हणून मदरबोर्ड नवा घ्यावा लागतो. डीडीआर-५ जातीची रॅम मात्र दोहोंकडे चालते. साहजिकच काटकसरी माणूस ती जुनीच उचलून नेतो. हे ऐकले आणि मला खाट दिसली!

आमचा प्रोसेसर कोणत्या घराण्याचा, ते मुद्दामच सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हताच. कन्येने मेमटेस्ट-८६ नावाची तपासणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी पडद्यावर चुकांची रांग लागली होती. जुळणी करताना कोणीतरी रॅमला नेहमीपेक्षा अधिक वेगाने पळायला लावले होते. बायोसमध्ये जाऊन तिने तो वेग साध्या चालीवर आणला आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तपासणी केली. एकही चूक निघाली नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी कामाची दुसरी प्रत करून ठेवावी. मग बायोस अद्ययावत करावा, रॅमचा वेग साधा करावा व तपासणी लावावी. तरीही यंत्र कोसळत असेल आणि संशय चिपवर जात असेल, तर हमीचा कागद शोधावा. एवढे करूनही दुखणे हटेना, किंवा यंत्र तसेही जुने होऊन बदलायला आले, तर खुशाल दुसऱ्या घरी जावे. त्यात घराण्याशी बेइमानी मुळीच नाही.

दोन्ही कामे वसुबारसेला रवाना झाली. संगणक आता किंचित सावकाश चालतो, अशी कन्येची तक्रार आहे. परंतु तो चालतो, आणि ती रात्री झोपते. बिऱ्हाड बदलायला कोणाची ना नाही. फक्त त्याआधी खाट एकदा उन्हात टाकावी.