पाणीपट्टी कामून वाढली? आधी बादली लावा, मग भांडा



आज सोयाबीनवर लिहीत नाही, हळदीवर पण नाही. आज घरच्या पाणीपट्टीवर लिहितो. ज्यांना वाटतंय की हा काही शेतीचा विषय नाही, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मग बोलावं.

आमचं गाव नायगाव तालुक्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण माणसाशी होतं, हिशेबाशी होत नाही.

मागच्या महिन्यात पाणीपट्टीच्या मागणीचा कागद घरी आला. गेल्या साली आकडा १,२०० होता. यंदा ३,०६०. डोकं फिरलं. तसाच चौकात गेलो, तर तिथं आधीच पाच-सहा जण तापलेले. एक जण म्हणला, "दादा, यंदा कुणीच भरायचं नाही. पाणी काय पंचायतीनं तयार केलंय का?" सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

घरी आलो तर घरातल्या म्हणाल्या, "अहो, भांडायच्या आधी कागद तरी वाचा की." खरं होतं. मी फक्त सगळ्यात खालचा आकडा वाचला होता. दहावी पास माणूस, खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षर वाचतो, औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण बघतो, आणि घरी आलेला कागद वाचत नाही.

वाचला. चालू पाणीपट्टी १,८००. मागील बाकी १,२००. दंड ६०.

बाकी? मी तर गेल्या साली पैसे भरले होते! जुन्या पावत्यांची पिशवी काढली. पावती सापडली. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, असे रकाने भरलेले. पाणीपट्टीचा रकाना कोरा. सोयाबीन काढणीच्या घाईत घरपट्टी भरून आलो आणि पाणीपट्टी पण त्यातच गेली असं धरून चाललो. म्हणजे ३,०६० मधले १,२६० माझे स्वतःचे. दर वाढल्याचा त्यात काही संबंध नाही.

मंडळी, निम्म्या घरांत हेच असणार. म्हणून पहिलं काम हे करा: बाकी वेगळी, दंड वेगळा, चालू वेगळं. ग्रामपंचायतीत नमुना ९ म्हणजे कर मागणी नोंदवही असते. तिथं आपल्या घराची ओळ बघा आणि घरच्या पावत्यांशी लावून घ्या. बघायला लाजू नका, आपल्याच घराचा हिशेब आहे.

आता राहिले ६००. १,२०० चे १,८०० झाले ते. ही खरी वाढ, आणि माझं भांडण इथून सुरू होतं.

ठराव दाखवा म्हणलं. ठरावात एवढंच की वीजबिल आणि देखभालीचा खर्च वाढला, म्हणून पट्टी वाढवली. किती वाढला, कशामुळं वाढला, काही नाही. मी विचारलं, पंप आधी किती तास चालायचा आणि आता किती चालतो? हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेवटी पाणी सोडणाऱ्या माणसानंच तोंडी सांगितलं, "आधी चार तासात टाकी भरून भागायचं. आता सात तास चालवावा लागायला."

आता आपला शेतकऱ्याचा हिशेब करा. साडेसात एचपीची मोटार तासाला साधारण ६ युनिट खाते. तीन तास जास्त म्हणजे रोज १८ युनिट. वर्षाला साडेसहा हजार युनिटच्या वर. दर योजनेच्या बिलावर बघून गुणा आणि नळजोडण्यांनी भागा. वीज का वाढली ते तिथंच कळतं. पण हे वाढीव पाणी गेलं कुठं? गावात माणसं तर दुप्पट झाली नाहीत.

एक दिवस पाणी सुटायच्या वेळेला त्या माणसाबरोबर आमच्या गल्लीत फिरलो. हातात १५ लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ. गल्लीत २२ नळ. त्यातल्या ९ नळांना तोटीच नाही. चार घरांत टिल्लू मोटार थेट लाईनला लावलेली. नालीजवळच्या जोडातून पाणी उसळतंय. बिन तोटीच्या नळाखाली बादली लावली. दीड मिनिटात भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. आमच्या गल्लीला एक दिवसाआड ५० मिनिटं पाणी असतं. घरचं भरायला २५ मिनिटं पुरतात. पुढची २५ मिनिटं नळ चालूच. एका नळाचे २५० लिटर, ९ नळांचे २,२५० लिटर, एका वेळेला, एका गल्लीत, सरळ नालीत.

खोटं कशाला बोलू, त्या ९ नळांतला एक माझा. गोठ्याकडं नेलेल्या पाइपाला कॉक बसवायचा दोन वर्षं राहिला होता. शेतात चार लिटरच्या ड्रीपरमधून पाच लिटर पडलं तर मी लॅटरल बदलतो. आणि घराच्या मागं अडीचशे लिटर वाहत होतं ते दिसलं नाही.

गल्लीच्या टोकाला एक मावशी एकट्याच राहतात. त्यांना विचारलं, "मावशी, पाणी किती येतं?" त्या म्हणल्या, "नळ येतो रे बाबा, पाणी कुठं येतंय." आलं तर तीन घागरी. टिल्लूवाल्यांनी ओढून घेतल्यावर टोकाला राहणार काय?

त्यांची पट्टी किती? १,८००. माझ्याएवढीच.

हिशेब मांडतो. एक दिवसाआड म्हणजे वर्षाला १८० वेळा पाणी. मावशींच्या तीन घागरी ४५ लिटर धरा. वर्षाचे ८,१०० लिटर. लिटरला २२ पैसे पडले. माझ्या घरी एका वेळेला ५०० लिटर येतं. वर्षाचे ९०,००० लिटर. मला लिटरला २ पैसे. म्हणजे जिला पाणी मिळत नाही ती बाई माझ्यापेक्षा अकरा पट महाग पाणी पिते, आणि चौकात ओरडतोय मी! याला सरसकट पट्टी म्हणतात. ऐकायला सगळे सारखे वाटतात, पण ज्याची मोटार मोठी त्याचं बिल गरीब भरतो.

आता जे म्हणतात की पाणी देवाचं, पट्टी कशाची, त्यांच्यासाठी. पाणी देवाचं असेल, पण ते टाकीवर चढवणं देवाचं नाही. आपल्या शेजारच्या लातूरनं २०१६ च्या उन्हाळ्यात हे बघितलंय. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वाहतुकीचं चार कोटींच्या आसपास बिल रेल्वेनं जिल्हा प्रशासनाकडं पाठवल्याची बातमी त्या मे महिन्यात पेपरांत होती. पाणी कृष्णाकाठचं, पैसे आणण्याचे. आपल्या गावात आणायचं काम रेल्वेऐवजी मोटार करते, एवढाच फरक. मोटारीचं बिल थकलं की वीज तुटते आणि मग त्याच मावशी डोक्यावर घागर घेऊन शेतातल्या विहिरीवर जातात. "भरू नका" म्हणणारा तेव्हा टँकर विकत घेतो.

पण पंचायतीला पण सोडत नाही. आम्ही भरावं आणि तुम्ही कारण सांगू नये, हे चालणार नाही. मी विचारलं, हे तीन तास जास्त कशाचे? उघड्या नळांचे किती, फुटक्या जोडांचे किती, विहिरीची पातळी खाली गेल्याचे किती? सांगता येत नाही म्हणले. येणारच नाही. कारण टाकीच्या तोंडाला मीटर नाही. किती उपसलं माहीत नाही, किती वाटलं माहीत नाही, फक्त पट्टी किती वाढवायची ते माहीत. असा आडतीवाला असता तर आपण त्याच्याकडं माल घातला असता का?

२०१९ साली जल जीवन मिशन आलं. माणशी रोज ५५ लिटर हे त्याचं माप. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. योजना सरकारची, पण चालवायची गावानं. त्यासाठी पाणी समिती असते आणि तिच्यात निम्म्या महिला असाव्यात असं सूत्र आहे. ज्या बायकांना घागरीचा हिशेब तोंडपाठ आहे त्यांना विचारून पट्टी ठरली असती तर मावशींना १,८०० आले नसते.

मीटर म्हणलं की लोक भडकतात. म्हणतात मीटर हवेवर पळतो. हे खोटं नाही. पाणी एक दिवसाआड सुटलं की लाईनमधली हवा आधी येते आणि मीटर फिरवते. पण त्यावर एअर व्हॉल्व्ह हा उपाय आहे. पटत नसेल तर दहा बादल्या भरा, १५० लिटर. मीटरवर तेवढेच चढले का बघा. साताऱ्यात कराडजवळच्या मलकापूरनं २४ तास पाणी आणि घरोघर मीटर करून दाखवलंय. ती काही परदेशातली माणसं नाहीत. हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. आपल्याला घरच्या नळाचा ताळेबंद जमत नाही?

ज्यांची लेकरं नांदेड-लातूरला शिकायला खोली करून आहेत आणि तिथं मीटरचं बिल वाढलंय, त्यांनी तीन गोष्टी बघा. एक, बिलावरचं मागचं आणि चालू रीडिंग मीटरशी जुळतंय का, का सरासरी लावलीय. दोन, घरातले सगळे नळ बंद करून मीटरचं बारीक चाक बघा. फिरत असेल तर कुठंतरी गळती आहे. तीन, संडासच्या फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद कालवून टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात पिवळं उतरलं तर पैसे तिथून चाललेत. आपली हळद याही कामाला येते.

आमच्या गावात पुढच्या ग्रामसभेला मी चार गोष्टी लेखी मागणार आहे:

१) टाकीच्या तोंडाला मीटर, आणि पंपाचे तास रोज फळ्यावर.
२) पट्टी वाढवायच्या आधी वर्षाचं वीजबिल, दुरुस्ती आणि वसुली, तिन्ही ग्रामसभेत वाचून दाखवणं.
३) महिनाभराची मुदत देऊन बिन तोटीचा नळ आणि टिल्लू मोटार बंद. सुरुवात सरपंचाच्या आणि माझ्या गल्लीपासून.
४) घरोघर मीटर होईपर्यंत टोकाच्या घरांना आधी पाणी, नाहीतर त्यांची पट्टी कमी.

कागद मिळाले नाहीत तर माहिती अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपये आणि तीस दिवस.

कृषी विभागाचे आणि विद्यापीठाचे साहेब लोक हे पान वाचतात म्हणून त्यांनाही एक विनंती. तुम्ही आम्हाला उसाला ठिबक शिकवलं, थेंबाचा हिशेब शिकवला. एखाद्या शेतीशाळेत गावाच्या नळाचा हिशेब पण घ्या. विहीर शेताची काय, गावाची काय, खालून झरा एकच आहे.

मी माझे ३,०६० भरले. पावती घेतली, यावेळी रकाना वाचून घेतली. गोठ्याच्या पाइपाला कॉक बसवला, दीडशे रुपयांत काम झालं. आता ६०० रुपयांचा जाब मागायला मी मोकळा आहे.

तुमच्या गल्लीत बिन तोटीचे नळ किती, उद्या पाणी सुटल्यावर मोजा आणि आकडा इथं लिहा. शिव्या नकोत, आकडा लिहा.

राम राम.